डावीकडचं दुसरं फाटक

मी न्हावी. हात थरथरणारा न्हावी काय करू शकतो, ते आमच्या वस्तीच्या प्रमुखांना विचारा. गेल्या सोमवारी त्यांची डावी भुवई माझ्या वस्तऱ्याखाली गेली ती गेलीच. माणूस भला, एवढंच म्हणाले, "रेनांते, मी महिनाभर टोपी घालीन. पण तू तुझ्या पिण्याचं काहीतरी बघ."

माझी बायको डेल्मा काही इतकी भली नाही. ती म्हणाली, "या शनिवारी त्या दारू सोडणाऱ्यांच्यात जाऊन बसलास तर ठीक. नाहीतर रविवारच्या बोटीनं मी पोरीला घेऊन आईकडे चालले. मग बस बाटलीला भुवया कोरत."

आता अशी मंडळी आमच्या गावात जमते, हे सगळ्यांना ऐकून माहीत. कुठं जमते, ते कुणी सांगेल तर शपथ. "पिणारी माणसं कुठं एकत्र बसतात हो?" असं विचारलं की लोक प्यायला बसणाऱ्यांचा पत्ता द्यायचे. तो मला पाठ होता. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कानात सांगितलं, "सान रोकेच्या चॅपलमागची गल्ली, डावीकडचं दुसरं फाटक, शनिवारी चारला. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात, कॉफी-बिस्किटं देतात, कुणी काही विचारत नाही. पाळी आली की उभं राहायचं, नाव सांगायचं आणि खरं बोलायचं."

शनिवारी मी पाच दिवसांचा कोरडा, इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीत शिरलो. चॅपलचं मागचं फाटक धरलं एक, त्याच्या शेजारचं दुसरं. उघडंच होतं. अंगणात ताडपत्री, तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. एका बाईनं न विचारता हातात कॉफी दिली, वर दोन बिस्किटं. नर्सबाईंचा शब्द न् शब्द खरा. सगळ्यांची तोंडं मात्र सुतकी. म्हटलं, दारू सोडलेली माणसं अशीच दिसत असणार.

थोड्या वेळानं एक म्हातारा माझ्याकडे वळला. "तुम्ही दोन शब्द बोलणार का?"

आली पाळी. मी उठलो.

"माझं नाव रेनांते. मी पितो. सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून पितो, आणि संध्याकाळी स्थिर झाला म्हणून पितो. उद्या माझी बायको सोडून जाईल याची मला भीती वाटते. आणि ती गेली तर निवांत पिता येईल, असंही आत कुठंतरी वाटतं. त्याची भीती जास्त वाटते."

हे मी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. कुणीतरी हुंदका दिला. म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "अगदी नंदोसारखं बोललात. किती वर्षांची दोस्ती?"

"कोण नंदो?"

त्यानं बोटाऐवजी ओठ पुढे काढून घराच्या दाराकडे दाखवलं. आत दोन मेणबत्त्यांच्या मधे शवपेटी होती.

माझी तर पाचावर धारण बसली. चॅपलचं फाटक मोजायचं नव्हतं, हे आत्ता डोक्यात उतरलं. मी कप खाली ठेवून सटकणार, तोच पेटीजवळ बसलेल्या बाईनं हाक मारली, "इकडे या हो."

गेलो. पेटीच्या काचेखाली माझ्याच वयाचा माणूस होता.

"माफ करा, बाई. मला पुढच्या फाटकात जायचं होतं."

"कळलं ते. यालाही तिथंच जायचं होतं, सहा वर्षं." तिचा आवाज रडका नव्हता, दमलेला होता. "दर शनिवारी अंघोळ करायचा, चांगला शर्ट चढवायचा, त्या फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. म्हणायचा, उर्सुला, पुढच्या शनिवारी नक्की."

"येतो मी. घरी जातो," मी म्हणालो.

"असे थेट घरी?" ती एकदम कडक झाली. "मयताच्या घरातून सरळ घरी जातात का? गेलेला माणूस पाठोपाठ येतो. आधी दुसरीकडे कुठं तरी टेकायचं, म्हणजे तो तिथंच राहतो. तुमच्या आईनं शिकवलं नाही वाटतं?"

शिकवलं होतं की. आजवर प्रत्येक मयताहून येताना मी इमानेइतबारे बेबांगच्या दुकानात टेकलो होतो, आणि तिथं काय विकतात ते सांगायला नको. तिनं माझ्या तोंडावरून ते ओळखलं.

"गुत्त्यात नाही. तिथं तो आयुष्यभर टेकला. पुढच्या फाटकात टेका." मग हळूच म्हणाली, "तुमच्या मागून तरी पोहोचेल."

मयताच्या घरच्यांनी पाहुण्याला पोचवायला यायचं नसतं, म्हणून ती बसूनच राहिली. मी बाहेर आलो. उजवीकडे बेबांगचं दुकान, डावीकडे तीस पावलांवर ते फाटक. उजवीकडे जायचं फार मनात आलं, खोटं कशाला सांगू. एकटा असतो तर गेलोही असतो. मी डावीकडे वळलो आणि सावकाश चालत राहिलो, कुणाला तरी बरोबर घेऊन चालतो तसा.

फाटकात एक जाडजूड गृहस्थ किटली घेऊन उभे होते. "या, या, सुरू करतोच आहोत. तेवढं फाटक ओढून घ्या."

"थांबा जरा," मी म्हणालो. बाजूला सरकून मागच्याला वाट दिली, आणि मग फाटक लावलं.