एक गाठ कमी

केशरबाईनं घर विकायला होकार दिला, पण एका अटीवर.

"मले हाताचं घर पायजे," ती म्हणाली. "तसं भेटत असीन तं चाला अकोल्याले. नाई तं मी इथंच बरी."

हाताचं घर म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याला, देवमनला, समजावून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं केशरबाईची नजर नेली. तेव्हापासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, फार तर खिडकीसमोरून कोणी गेलं तर सावली हलल्यासारखी वाटायची. पण अमरावतीत वडाळीकडच्या त्या दोन खोल्यांमध्ये तिनं कधी कोणाचा हात धरला नाही. बाजेवरून उठलं की सहा पावलांवर माठ. माठापासून तीन पावलांवर ओटा. ओट्यावर खांद्याच्या उंचीला कोनाडा, त्यात डावीकडे चहापत्ती आणि उजवीकडे साखर. मागं वळून पाच पावलं गेलं की न्हाणी. आणि बाजेवरून उठून दाराकडे जायचं असलं, तर चार पावलांवर डावा हात देवमनच्या बाजेच्या उशालगतच्या लाकडावर पडायचा. तिथून उजवीकडे वळलं की समोर उंबरठा.

नवा पाहुणा अर्धा चहा पिऊन झाल्यावर हळूच विचारायचा, "वैनी, तुमाले दिसत नाई म्हनते लोकं. खरं काय?"

"तुमच्या कपात माशी पडली ते तं दिसून राह्यली," केशरबाई म्हणायची, आणि पाहुणा कपात वाकून पाहायचा. हा तिचा ठरलेला विनोद होता. देवमन प्रत्येक वेळी हसायचा.

घर देवमननंच बांधलं होतं. हाडाचा कसबी गवंडी माणूस. आठवडाभर लोकांच्या भिंती उभ्या करायचा आणि सुटीच्या दिवशी स्वतःची. असं करत तीन वर्षं लागली. त्या भिंतींच्या विटा केशरबाईनं डोक्यावर वाहिल्या होत्या. तेव्हा तिला डोळे होते, आणि पिंकी पोटात होती.

हीच पिंकी आता अकोल्यात नर्स होती. तिथंच कौलखेड भागात राहायची. "पोरीजवळ राहू, नातीले खेळवू. म्हातारपनी काय करा लागते आनखीन?" असं देवमन सगळ्यांना सांगायचा. लोकांना ते पटायचं. केशरबाईला पटायचं नाही, कारण हे सांगण्याआधी देवमन घसा साफ करायचा. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. खोटं बोलायच्या आधी हा माणूस घसा साफ करतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तिला आणखीही काही कळत होतं. माघ महिन्यात तो एकटाच मोठ्या दवाखान्यात जाऊन आला आणि म्हणाला, ग्यास आहे. त्यानंतर अंगणातून बादली आणली की तो दारातच थांबायचा. श्वास शिट्टीसारखा वाजायचा. मग खिशात कागद कुरकुरायचा आणि पाकिटातून गोळी फोडल्याचा बारीक आवाज यायचा. ग्यासची गोळी पाण्याबरोबर घेतात. ही तो जिभेखाली ठेवायचा. केशरबाई विचारायची नाही. आज सांगतील, उद्या सांगतील, अशी वाट पाहायची.

घराला गिऱ्हाईक आलं ते ललित नावाचं. मोबाइलचं दुकान होतं त्याचं. पोरगा बोलायला गोड होता. देवमननं त्याला घर फिरवून दाखवलं आणि मागच्या भिंतीशी थांबला.

"हे पाहा. खाली काळी जमीन आहे. वैशाखात हे भिंत उलते. दरसाल पानी पडाच्या आंधी भरून घेजो. नुसतं सिमिट नको भरू, चुना मिसळजो. मी छत्तीस वर्षं भरून राह्यलो."

ललित म्हणाला, "काका, तुमाले खोटं काहून सांगू? आमी हे पाडून दुमजली बांधनार आहोत."

केशरबाई ओट्याशी उभी होती. देवमन आता काय बोलतो म्हणून तिनं कान दिला. तो हसला.

"मंग तं पाया चांगला खोल घे," तो म्हणाला. "वर काय बी बांध."

रजिस्ट्रीच्या दिवशी केशरबाईचा अंगठा यंत्रावर उठेना. बाबूनं चार वेळा पुसायला लावला, ओला फडका दिला, परत दाबायला लावला.

"आजी, तुमच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत."

"याईच्या भिंतीत गेल्या," केशरबाई म्हणाली आणि देवमन जिथं उभा असेल असं वाटलं तिकडे तोंड केलं. बाबू हसला. शेवटी दुसऱ्या बोटावर काम भागलं. बाहेर आल्यावर देवमननं तिचा हात धरला, आणि तिनं धरू दिला. रस्ता तिचा नव्हता.

घर रिकामं करायला महिनाभराची मुदत होती. त्या महिन्यात देवमननं आपली दोरी काढली.

ही दोरी म्हणजे त्याची वही. लहानपणी शाळा झाली नाही. आकडे ओळखायचा, पण टेप घेऊन मापं लिहून ठेवणं त्याला कधी जमलं नाही. त्याच्या उस्तादानं त्याला दोरीवर गाठी मारायला शिकवलं होतं. खोली मोजायची आणि जिथं दार येतं तिथं एक गाठ, जिथं खिडकी येते तिथं जोडगाठ. असं अख्खं घर दोरीवर बांधून खिशात घालायचं. इंजिनेर लोक हसायचे. पण देवमनची वीट कधी इकडची तिकडे झाली नाही.

"चाल," तो केशरबाईला म्हणाला. "रोज जशी चालतं तशीच चाल. मायासाठी हळू नको चालू."

ती बाजेवरून उठली आणि चालली. तो दोरी धरून जमिनीवर सरकत तिच्या मागं. तिचं पाऊल माठाशी थांबलं की गाठ. ओट्याशी थांबलं की गाठ. तिनं कोनाड्यात हात घातला की कोपरापासून जमिनीपर्यंत दोरी सोडून आडवी गाठ. न्हाणीकडे, मग दाराकडे. केशरबाईला हसू यायला लागलं.

"लग्नात बी एवढं मागं मागं नाई फिरले तुमी."

"तवा तू पळत होती," तो म्हणाला. मोजून झाल्यावर तो दमून आपल्या बाजेवर आडवा पडला आणि तिनं माठातलं पाणी नेऊन दिलं.

अकोल्याचं घर त्यांनी शेषरावांकडून घेतलं. शेषराव तहसिलीतले जुने कारकून. ते मुलाकडे नागपूरला चालले होते. घर पिंकीच्या गल्लीतच, दोन खोल्यांचं. सामान न्यायला अजून आठ दिवस आहेत म्हणून शेषराव एका खोलीत राहत होते, आणि दुसऱ्या खोलीत देवमननं छिन्नी चालवायला सुरुवात केली.

"देवमनजी, काल रजिस्ट्री झाली अन् आज ओटा फोडून राह्यले तुमी?"

"दीड वीत दूर आहे जी. तिच्या पावलात बसत नाई."

शेषरावांनी हे पुढं पिंकीला सांगितलं, पिंकीनं आईला. पाच वेळा देवमन सकाळच्या बसनं अकोल्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. ओटा सरकवला. विटेची भिंत कोरून कोनाडा काढला. उंबरठा दोन बोटं उंच होता, तो घासून बसवला. पिंकी फोनवर ओरडायची, "बाबा, एक मजूर लावा, पैसे मी देईन." तो म्हणायचा, मजुराला दोरी वाचता येत नाही.

वैशाखातच सामान हललं. एका टेम्पोत सगळा संसार मावला. निघताना केशरबाईनं मागच्या भिंतीवरून हात फिरवला. भिंत या वर्षीही उलली होती. तिची तीन बोटं आत गेली. देवमननं यंदा ती भरली नव्हती.

अकोल्याच्या घरात तिला पिंकीनं बाजेवर बसवलं. नात खुशी दाराशी उभी राहून पाहत होती. देवमन म्हणाला, "आता कोनी हात नका लावू तिले."

केशरबाई उठली. सहा पावलं चालली आणि हात पुढं केला. माठ. गार ओला माठ. तिथून तीन पावलं, आणि ओट्याची कड पोटाला लागली, जिथं लागायची तिथंच. हात वर केला तर कोनाडा. डावीकडे चहापत्ती, उजवीकडे साखर. तिनं गॅस पेटवला, चहा टाकला, कपात ओतला, आणि एक थेंब सांडला नाही. पिंकी नाक ओढत होती.

"रडतं काहून वो," केशरबाई म्हणाली. "कपात माशी पाह्य."

खुशीनं खरंच कपात पाहिलं, आणि सगळे हसले.

चहा झाल्यावर केशरबाई परत बाजेवर जाऊन बसली. थोड्या वेळानं दारात कोणीतरी बाई "जय भीम" म्हणाली. शेजारीण असावी. केशरबाई उठून दाराकडे निघाली. एक, दोन, तीन, चार. डावा हात सवयीनं बाजूला टेकवायला गेला आणि हवेत गेला. तिथं काही नव्हतं. तोल गेला, आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. खांदा सोलून निघाला.

पिंकीनं हळद लावली. शेजारीण हळहळून गेली. सगळं शांत झाल्यावर केशरबाईनं विचारलं, "तुमची बाज कुठी टाकली?"

"दुसऱ्या खोलीत. तिथं हवा लागते मले," देवमन म्हणाला. आधी घसा साफ केला होता.

"दोरी द्या इकडं. घर मोजलं ते."

तिनं दोरी मांडीवर घेतली आणि एका टोकापासून चाचपायला लागली. पिंकी ओट्याशी भांडी लावता लावता थांबली.

"हा माठ. हा ओटा. हे कोनाड्याची आडवी गाठ. हे न्हानी. हे दार." बोटं दोरीच्या टोकाला आली. "अन् तुमची बाज?"

पुन्हा घसा साफ केल्याचा आवाज आला. "त्या दिवशी ते अंगनात उभी होती. ढेकनं झालते म्हनून उन्हात टाकली होती. राहून गेली."

"मोजल्यावर त्याच बाजेवर पडले होते तुमी. मी पानी आनून दिलं."

देवमन तिच्याजवळ येऊन बसला. बोलायच्या आधी त्यानं घसा साफ केला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"मानूस गेल्यावर त्याची बाज लोकं घरात ठेवत नाईत, केशर. उचलून देऊन टाकतात. मंग तुया हात रिकामा पडीन. जे राहनार नाई त्याच्या भरोशावर घर मांडत नसते. म्हनून नाई बांधली."

"डागदरनं काय सांगतलं?"

"हार्ट थकलं म्हने. आपरेशन होत नाई या वयात. साल, दीड साल."

"बाबा," पिंकी म्हणाली. पिंकीला आधीच माहीत होतं, हे केशरबाईला त्या एका शब्दात कळलं.

"मले माघातच समजलं होतं," केशरबाई म्हणाली. "डोये गेले माये. कान नाई गेले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलान म्हनून वाट पाहून राह्यली होती."

तिनं दोरी त्याच्याकडे सरकवली. "बाज इकडं आना. अन् गाठ बांधा. चौथ्या पावलावर."

"केशर, आयक."

"मी म्हनलं होतं, मले हाताचं घर पायजे. हे घर पुरं नाई झालं, देवमन मिस्तरी."

चव्वेचाळीस वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. पिंकीनं त्या खोलीतून बाज ओढत आणली. केशरबाई उठली, चार पावलं चालून उभी राहिली. देवमननं तिच्या पायाशी दोरी धरली. गाठ दोनदा निसटली, तिसऱ्या वेळी बसली.

त्यानंतर सात महिने बाज तिथं होती. नवारीच्या पट्टीनं विणलेली बाज रोज झोपणाऱ्याच्या वजनानं सैल पडते. दर महिन्याला देवमन ती ओढून ताणून घ्यायचा. पुढं त्याला दम जास्तच लागायला लागला, तेव्हा एक टोक तो धरायचा आणि दुसरं केशरबाई ओढायची. "आनखीन वढ," तो म्हणायचा. "पोटात जेवन नाई काय?"

मार्गशीर्षात एका सकाळी ती चहाचा कप घेऊन निघाली. चार पावलांवर डावा हात लाकडावर ठेवला आणि म्हणाली, उठा. तिनं पुन्हा म्हटलं. मग कप खाली ठेवून तिनं हात लाकडावरून पुढं नेला.

बौद्ध रितीनं देवमनचा जलदानविधी झाला. नातेवाईक जेवून आपापल्या गावी गेले. पिंकी बाबांचे कपडे बांधत होती. कोणाला तरी द्यायचे होते. म्हणाली, "माय, बाज घेऊन जाते शेजारचा नत्थुजी. त्याच्या इथं लागते म्हने. इथं उगीच अडचन होते."

"ते बाज हलाची नाई."

"रिकामी बाज घरात ठेवत नाईत माय. लोकं काय म्हनतीन?"

"त्याईले म्हन, ते भिंत आहे," केशरबाई म्हणाली. "भिंत कोनी काढून देते काय?"

बाज राहिली. केशरबाई रोज सकाळी उठते. दूधवाला आला की चार पावलं चालते, डावा हात लाकडावर टेकवते, उजवीकडे वळते आणि दार उघडते. कधी कुठं अडखळली नाही. महिना झाला की ती बाजेशी बसून नवारीवर तळहात दाबून पाहते, ताणायला आली का म्हणून.

नवार सैल पडत नाही. देवमननं शेवटची ओढली होती तशीच ताठ आहे.