अमूटीच्या पेशींचे घड

अमूटीच्या तबकडीत पांढऱ्या पेशींचे घड धरले, तेव्हा सगळी प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकापाशी गोळा झाली. मी नाही गेले. जागेवरूनच म्हणाले, "एवढं काय त्यात? केळी लागलीत का?"

तिचं खरं नाव केमिगीसा. पण तिच्या पश्चिम युगांडातल्या तोरोकडच्या लोकांत प्रत्येकाला एक लाडनाव असतं, आणि त्या नावाने हाक मारली नाही तर माणूस तुसडा ठरतो. म्हणून मुवांगुझी सर तिला 'अमूटी' म्हणतात, चहावाली 'अमूटी' म्हणते, फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. आम्ही कंपालाचे बागांडा. आमच्यात ही सोय नाही. मला सगळे नाबोसा म्हणतात, तेही काम असलं तरच.

सरांकडे पीएचडीची एकच जागा होती आणि ती शुक्रवारी ठरायची होती. मी इथे कित्येक वर्षं पेशी मोजतेय. ती आली गेल्या पावसाळ्यानंतर. जळत होते मी, उगाच गोड कशाला बोला.

भानगड अशी, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी सुट्या फिरतात. त्यांना चेतवलं की अंगावरचे काही रेणू हातासारखे उघडतात आणि शेजारणीच्या अंगावरचा दुसरा रेणू घट्ट धरतात. मग त्यांचे घड होतात, आणि आपल्या तबकडीत तेच झालंय असं अमूटीचं म्हणणं. माझ्या तबकडीत ते कधी दिसलेच नाहीत. मोजणाऱ्या बाईला पेशी सुट्या लागतात ना. गाठ दिसली की माझा हात पिपेटने खालीवर करून ती फोडून टाकतो, माझ्या नकळत. अमूटीला मोजणी धड येत नाही. तिने तबकडीला हातच लावला नाही, आणि बाईसाहेबांचं नशीब फळफळलं.

चहाच्या वेळी मी सरांना गाठलं. "मेलेल्या पेशी आहेत त्या, सर. फुटल्या की आतलं चिकट बाहेर येतं आणि सापडेल त्याला चिकटतं. कसले हात नि कसलं काय."

चपातीत गुंडाळलेल्या अंड्याचा घास अमूटीच्या तोंडाशीच थांबला. "असेलही, बाई. पण ते कळणार कसं?"

"मी दाखवते ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याच पेशी तबकडीच्या दोन खळग्यांत घातल्या. एकात त्या हातांवर जाऊन बसणारी, त्यांना झाकून टाकणारी अँटिबॉडी. दुसऱ्यात हातांना न शिवणारी. मग दोन्हींना चेतवलं. नुसता चिकटपणा असता तर हात झाका नाहीतर उघडे ठेवा, गोळे दोन्हीकडे सारखेच व्हायला हवे होते. दुपारी सगळ्यांना बोलावून ठेवलं. शोभा बघायला माणसं नकोत? तोवर पिपेटकडे जाणारे हात मी मांडीखाली दाबून बसले.

सर आधी वाकले. बराच वेळ वर बघेनात. मग म्हणाले, "नाबोसा, तूच बघ."

उघड्या हातांच्या खळग्यात घडच घड. झाकलेल्यात एकेक पेशी सुटी, मोजायला घ्यावी इतकी स्वच्छ. म्हणजे हातच होते. तिचं खरं होतं, आणि ते मी सिद्ध करून दिलं होतं, माणसं जमवून.

"ही कल्पना कुणाची?" सरांनी विचारलं.

माझी म्हणावं, तर कशासाठी केली तेही सांगणं आलं.

"तिचीच," अमूटी म्हणाली. "मी तोंडावर पडावं म्हणून केलं तिने." सगळे हसले, तीही हसली. "पण मला हे सुचलंच नसतं, सर. याच्याशिवाय माझे घड म्हणजे नुसतं चित्र."

शुक्रवारी जागा मला मिळाली. "घड अमूटीला दिसले," सर म्हणाले, "पण शंका घेऊन ती तडीस न्यायची कशी, ते नाबोसाला येतं. जागा एकच आहे."

मी आधी अमूटीच्या तोंडाकडे पाहिलं. जळफळाट शोधत होते, चिमूटभर तरी असेलच. ती टाळ्या वाजवत होती.

बाहेर व्हरांड्यात मी तिला अडवलं. "खरं सांग, जळलीस ना?"

"वाईट वाटलं गं. घरी जाऊन पोटभर रडणार आहे." डोळे भरलेच होते तिचे. ते तिने कोटाच्या बाहीने पुसले. "पण त्या सुट्या पेशी काय सुरेख दिसत होत्या! सोमवारी परत लावू या? मला शिकव ना."

जागा माझी झाली होती. तरी तिथे उभ्याउभ्या मला तिचाच हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका.