मयतीची लाईट

काकासाहेबांना फुटबॉलची लागण कोल्हापूरला झाली. शेतकीच्या डिप्लोम्यासाठी ते तिकडं दोन वर्षं राहिले आणि परतले तेव्हा डिप्लोमा अर्धा होता, फुटबॉल मात्र पुरा झालेला. आष्टीत त्यांनी खता-बियाण्याचं दुकान टाकलं आणि युरियाच्या गोणीवर बसून गिऱ्हाइकांना ऑफसाइड समजावून सांगायला सुरुवात केली. खताची टंचाई असल्यामुळं गिऱ्हाइकं ऐकून घेत.

एवढ्या वर्षांच्या प्रचारातून गावात जे फुटबॉलप्रेमी मंडळ उभं राहिलं, त्यात काकासाहेब धरून तीन माणसं होती. दुसरा रखमाजी, पिठाच्या गिरणीवाला. तिसरा भिवा, बँडमध्ये ढोल वाजवणारा. तिघांपैकी कुणीही चेंडूला पाय लावलेला नव्हता. आष्टीचं रान काळं. उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की आत गेलेला चेंडू थेट मृगातच वर यायचा. पण तिघांनी जालन्याला मस्तगडात जाऊन लाल टी-शर्ट छापून आणले होते. तिघांच्याही पाठीवर सातच आकडा होता, कारण छापणाऱ्याकडं तेवढाच साचा धड होता.

आणि आता, भारनियमनाच्या त्या उन्हाळ्यात, युरोपातल्या मोठ्या कपाची सेमीफायनल येऊन ठेपली होती. लालवाले विरुद्ध पट्टेवाले. पहिला सामना पट्टेवाल्यांच्या गावात बरोबरीत सुटलेला, दुसरा आज लालवाल्यांच्या घरी. आज हरला तो संपला. तिकडं संध्याकाळी सुरू होणारा सामना आपल्याकडं मध्यरात्र उलटल्यावर दिसणार, आणि गावाची लाईट त्या आठवड्यात रात्री दहाला जायची ती कोंबडं आरवल्यावर यायची.

मागच्या फेरीला रामकिसनच्या ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडली होती. ऐन पेनल्टीच्या वेळी तिनं मान टाकली. सकाळी ट्रॅक्टरही सुरू झाला नाही. तेव्हापासून रामकिसन बॅटरीचं नाव काढू देत नव्हता.

"मंग काय, पेपरात वाचायचं?" भिवा दुपारी दुकानात येऊन म्हणाला. त्याचा चेहरा असा, की जणू त्याच्या ढोलाचं कातडं फाटलंय.

"थांब जरा," काकासाहेब म्हणाले. "फकरोद्दीनला बघतो."

फकरोद्दीन गावचा वायरमन. माणूस भला, पण लाईटच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे. सरपंचाच्या घरच्या लग्नात त्यानं वेळेवर लाईट घालवली होती आणि नवरदेवानं बत्तीच्या उजेडात मंगळसूत्र बांधलं होतं. फक्त एका गोष्टीला तो नमायचा. घरात मयत असली आणि माती सकाळी असली, तर त्या रात्री तो गावाची लाईट जाऊ देत नसे. मयतीजवळ माणसं जागी असतात, अंधारात बसवायचं कसं? हा नियम कंपनीच्या कुठल्या कागदावर नव्हता. फकरोद्दीनच्या बापापासून चालत आलेला होता.

काकासाहेब ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ गेले तेव्हा त्यांच्या मनात खोटं बोलायचं नव्हतं. निदान एवढं मोठं नव्हतं. पण फकरोद्दीननं वर न बघताच "लाईटचं काय बोलू नका, काकासेठ," म्हटलं, आणि काकासाहेबांच्या तोंडातून निघून गेलं, "आरं बाबा, आत्या गेली."

"कोण? सोनूफुफी?"

नाव त्यांनी ठरवून घेतलं नव्हतं, तोंडात आलं. पण आल्यावर ते सोयीचं वाटलं. सोनूआत्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, धावड्याला लेकीकडं राहायची. तिथला फोन नंबर गावात फक्त काकासाहेबांकडं होता. वय झालेलं. सकाळी सांगून टाकायचं, निरोप चुकला होता, आत्या खडखडीत आहे. सगळ्यांना आनंदच होईल.

"मयत इकडंच आणून राह्यलेत," ते म्हणाले. "रात्रीतून येईल. सकाळी माती."

फकरोद्दीननं हातातली पकड खाली ठेवली. डोक्यावरची टोपी सारखी केली. "लाईटची फिकर करू नका," तो म्हणाला. "मी साहेबाला आत्ताच्या आत्ता फोन करतो." आणि काकासाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. तो लवकर सोडेना. काकासाहेबांना तेव्हाच जरा गरम झालं, पण दिवसच उन्हाचे होते.

घरी येऊन त्यांनी टीव्ही पुसला, बाजेवर चादर टाकली, रखमाजीला शेंगदाणे भाजायला सांगितलं. दिवेलागणीच्या आधी मंडळ लाल टी-शर्ट घालून हजर झालं. भिवा म्हणत होता पट्टेवाल्यांचा गोलकीपर म्हणजे भिंत आहे, रखमाजी म्हणत होता भिंतीलाही दार असतंय, आणि काकासाहेब जमिनीवर शेंगदाणे मांडून लालवाल्यांची चाल दाखवत होते. तेवढ्यात शेजारची द्वारकाबाई डोक्यावर पदर घेऊन, हातात भाकरीची टोपली धरून दारात उभी राहिली, आणि स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या काकासाहेबांच्या बायकोच्या, नंदाबाईंच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला.

नंदाबाईंना नवऱ्यानं काहीच सांगितलं नव्हतं. त्या म्हणजे सोनूआत्यानं हाताला धरून या घरात आणलेली सून. "आवं, मला सांगायचं न्हाई का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

थांबायचं तर इथं थांबायला हवं होतं. काकासाहेबांना हे कळत होतं. पण सामना सेमीफायनलचा होता. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. खाली शेंगदाणे लालवाल्यांच्या चालीत मांडलेले होते. ते द्वारकाबाईच्या पायाखाली गेले.

"काकासाहेब," रखमाजी कानाशी आला, "खरंच गेली काय?"

"न्हाई रे. लाईटसाठी सांगलं."

रखमाजीनं एकदा भिवाकडं बघितलं आणि हात मागं नेऊन पाठीवरचा सात झाकायचा प्रयत्न केला. तो झाकता येत नाही.

मग माणसं येतच राहिली. घरात चूल पेटणार नाही म्हणून कुणी पिठलं आणलं, कुणी भात, कुणी चहाचं पातेलं. नंदाबाईंनी डोळे पुसत उठून टीव्हीवर पांढरी चादर टाकली, दुःखाच्या घरात टाकतात तशी. भजनी मंडळ टाळ घेऊन ओसरीवर बसलं. मयत येईपर्यंत जागायचं त्यांनी ठरवलं होतं. बाहेर ट्रॅक्टरची फटफट वाजली. रामकिसननं ट्रॉलीभर बाभळीची लाकडं आणून टाकली होती. वाळलेली, चांगली.

"बॅटरीचं मनात ठिवू नका, काकासाहेब," रामकिसन घाम पुसत म्हणाला. "ते वेगळं, हे वेगळं. माझी माय आजारी होती तवा तुमच्या आत्यानं महिनाभर आमच्या घरी भाकरी थापल्यात."

काकासाहेबांना हे माहीत नव्हतं. ओसरीवर बसलेल्यांकडून त्यांना आत्याबद्दल बरंच काही कळत होतं. आत्यानं कुणाचं बाळंतपण केलं, कुणाचं भांडण मिटवलं. आईमागं त्यांना लहानाचं मोठं केलं ते आत्यानं, एवढंच त्यांच्याकडं होतं. मागच्या दिवाळीला तिला न्यायला येतो म्हणाले होते. दिवाळीला लीगचे सामने होते.

शेवटी अकबरबी आली. फकरोद्दीनची आई, गुडघ्यानं अधू, लेकाच्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढली. रडत नव्हती. काखेत जुन्या पंच्यात बांधलेलं गाठोडं होतं. ती काकासाहेबांसमोर बसली आणि गाठ सोडू लागली. आत हिरवट काठाचं, घडी न मोडलेलं लुगडं होतं.

"हे तिला नेसवायचं," अकबरबी म्हणाली. "धावड्याला जाताना माझ्यापाशी ठिवून गेल्ती. म्हणल्ती, मरंन तवा आष्टीतच आणतील मला, तवा हेच नेसवा. मी म्हणलं, काकापाशी दे की. तर म्हणल्ती, त्याच्या ध्यानात राहायचं न्हाई."

ओसरीवरचे टाळ थांबले होते. लुगड्याला कडुलिंबाच्या पाल्याचा वास होता. पाला ती बहुतेक दरवर्षी बदलत असावी.

"अकबरमौसी," काकासाहेब म्हणाले. "ती न्हाई गेली."

"आं?"

"जित्ती हाय. धावड्याला हाय. मी... रात्री मॅच हाय. लाईटसाठी बोललो."

काकासाहेबांना वाटलं, कुणी तरी शिवी द्यावी. रामकिसननं तरी द्यावी, लाकडं त्याची होती. कुणी दिली नाही. अकबरबीनं दोन्ही हात वर केले, तोंडावरून फिरवले, आणि तेव्हा कुठं ती रडायला लागली. "जित्ती हाय," ती द्वारकाबाईला सांगू लागली, जणू द्वारकाबाईला ऐकू आलं नव्हतं. "आगं, सोनू जित्ती हाय!"

माणसं एकेक करून उठली. रामकिसन लाकडांकडं बघून म्हणाला, "आता राहू द्या इथंच. पावसाळ्यात कामाला येतील." नंदाबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"मी साहेबाला फोन करून सांगून बसलो, आष्टीत मयत हाय," फकरोद्दीन काकासाहेबांकडं न बघता म्हणाला. "आता परत काय सांगू, जित्ती झाली? लाईट राहीन."

आणि लाईट राहिली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच अख्खी आष्टी रात्रभर पंख्याखाली झोपली. काकासाहेबांच्या ओसरीवरचा दिवाही लख्ख होता. "मंग..." भिवानं हळूच विचारलं, "लावायची का?" टीव्हीवर पांढरी चादर तशीच होती. ती ओढायला कुणाचा हात उठला नाही. रखमाजी टी-शर्ट उलटा करून घालून घरी गेला.

सकाळी काकासाहेब घरोघर भांडी परत करायला निघाले. प्रत्येक दारात भांडं घेताना माणसं एकच विचारत होती, अगदी साध्या आवाजात. "कोण जिंकलं?"

"म्या न्हाई बघितली," काकासाहेब सांगत.

"बरं बरं," म्हणून माणसं भांडं आत नेत. एकानंही विश्वास ठेवला नाही.

शेवटचं पातेलं फकरोद्दीनच्या घरचं होतं. अकबरबी ओट्यावर तयार होऊन बसली होती, लुगड्याचं गाठोडं मांडीवर.

"चल," ती म्हणाली. "जालन्याची गाडी गाठू. तिथून धावडा."

"लुगडं कशाला, मौसी?"

"आता तू नेऊन दे. तुझ्या हातानं."

गाडीत खिडकीशी बसून काकासाहेबांनी ते गाठोडं मांडीवर घेतलं. मग त्यांनी विचारलं, "कशाला आलो म्हणून सांगू तिला?"

"खरं सांग," अकबरबी म्हणाली. "हासंल ती."

काकासाहेबांनी मान खाली घातली. आत्या हसेल हे त्यांनाही माहीत होतं. त्याचंच त्यांना भय वाटत होतं.