पाचवा दिवस

माझ्या लग्नाची तारीख ठरवताना आईनं एकच गोष्ट बघितली, दादाच्या कसोटीचं वेळापत्रक. "पाचवा दिवस धरू या," ती म्हणाली. "तोवर हा घरी येऊन झोपून उठलेला असतो."

कुणीच हसलं नाही, कारण त्यात विनोद नव्हताच. दादा आमच्या देशाच्या टीमचा ओपनर. आमची टीम कसोटी खेळायला लागल्यापासून पाचवा दिवस तिनं पाहिलेलाच नव्हता. चौथ्या दिवशी तर मैदानाचं कँटीनसुद्धा सामान भरत नसे. दादा आऊट व्हायला जरा वेळ घ्यायचा एवढंच. म्हणून पेपरवाले त्याला 'कुलूप' म्हणत. समोरचे दहा गेले की कुलूप लावून काय उपयोग, हेही तेच लिहीत.

मी लाँड्रीत काउंटरला असते. टीमचे पांढरे कपडे आमच्याकडेच धुवायला येतात. कपडे घ्यायला येणारा जो तो मला ऐकवून जायचा. एक रिटायर्ड मास्तर तर दर कसोटीनंतर यायचे. "कशाला हा अट्टहास? वीस ओव्हरचं खेळा, चार मॅच जिंकाल. जगात हसं करून घेता!" आता बोर्डाचे अध्यक्षही तेच म्हणायला लागले होते. ही कसोटी झाली की बसून ठरवू, असं त्यांनी टीव्हीवर सांगूनच टाकलं होतं.

खरं सांगू? घरात मीही दादाला तेच म्हणायचे. पण बाहेरच्यानं म्हटलं की माझं टाळकं सटकायचं. मास्तरांच्या शर्टाला मी मुद्दाम कडक स्टार्च लावायचे.

दादा मात्र चिडायचा नाही. "वीस ओव्हरमध्ये नशिबानं कुणालाही हरवता येतं गं. आपण किती पाण्यात आहोत ते कसोटीत कळतं. आम्ही बंद केलं, तर पुढच्या पोरांना हरायलासुद्धा मिळणार नाही. मग शिकणार कुठे?"

"हरायला शिकायचंय तर माझ्याशी पत्ते खेळ," मी म्हणायचे.

आणि या वेळी काय व्हावं? तिसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या डावाला उतरलेला दादा चौथ्या दिवशी संध्याकाळी नाबाद घरी आला. मॅच जिंकणं शक्यच नव्हतं, पण पाचवा दिवस टिकून राहिले तर अनिर्णित सुटणार होती. आमच्यासाठी तेच आभाळाएवढं. त्याच्या उजव्या हाताचं बोट सुजून टम्म झालेलं. बर्फाच्या भांड्यात हात घालून तो माझ्याकडे बघत बसला.

"अकरा वाजता ना? येतो मी."

"कसा येणार?"

"आऊट झालो की मोकळाच."

तो हसला, मी नाही. बाबा गेल्यापासून माझं सगळं यानंच केलंय. माझा दात दुखला तरी प्रॅक्टिस टाकून येणारा माणूस हा. लग्नाला साक्षीदार म्हणून सही करायची आणि हा येणार नाही? हा विकेट फेकून येईल, याची मला खात्रीच पटली.

सकाळी नटूनथटून आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. मी, आई, हा आणि याची आई. हा म्हणजे माझा होणारा नवरा. जहाजावर इंजिनात काम करतो. परवा निघणार होता तो वर्षभरासाठी. खिडकीतली क्लार्कबाई तोंड वाकडं करून शिक्के मारत होती. मी म्हटलं, "आमचा नंबर शेवटी टाकता का? दादा बॅटिंग करतोय."

बाईंनी एका कानातला इअरफोन काढला. "कुलूप तुझा भाऊ?"

"हो."

"टाकते शेवटी. पण पाच म्हणजे पाच. साहेब पाचला उठतात. तुमच्या नोटिशीची मुदत आजच संपते, मग परत महिन्याची नोटीस."

मॅच साडेपाचपर्यंत होती. म्हणजे आमची माणसं टिकली, तर माझं लग्न वर्षभर लांबणार. मी याच्याकडे बघितलं. हा कॉलर सैल करत म्हणाला, "चल, मैदानावर जाऊ."

"अहो, पण लग्न?" याची आई ओरडली. माझी आई म्हणाली, "चला हो, इथे बसून तरी काय करणार?"

आम्ही पोचलो तेव्हा दादानं नुकताच एक अचाट फटका मारला होता. झेल उडाला आणि सुटला. कुलूप असले फटके मारत नाही! माझं डोकंच फिरलं. पाणी घेऊन निघालेल्या बाराव्या खेळाडूला मी कुंपणाशी गाठलं. "दादाला सांग, लग्न संध्याकाळवर ढकललंय. त्याआधी आऊट होऊन आला तर जन्मात बोलणार नाही."

पाचचं मी सांगितलं नाही.

दादानं निरोप ऐकला, आमच्या दिशेनं बघितलं आणि ग्लोव्हज घट्ट केले. त्यानंतर कुलूप लागलं ते लागलंच. जेवणानंतर दुकानं बंद करून लोक यायला लागले. कँटीनमध्ये साधं पाणीही मिळेना. मास्तर आमच्या मागच्या रांगेत येऊन बसले, ओव्हर संपली की माझ्या खांद्यावर थोपटायचे. समोरून एकेक जण जात होता आणि दादा प्रत्येक चेंडूवर वाकत होता. मी एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा दादाकडे. खोटं का बोलू, एकदा मनात आलं, होऊ देत एकदाचे सगळे आऊट. लाज वाटली.

तेवढ्यात हा माझ्या कानाशी पुटपुटला, "टिकू दे गं. वर्ष काय, जातं असंच." तेव्हा मला रडू आवरेना. नवरा चांगला निवडला होता मी.

चहानंतर बऱ्याच वेळानं, पाचला वीस मिनिटं कमी असताना शेवटचा गडी त्रिफळाचीत झाला. मॅच गेली, पण सगळे उभे राहिले. मास्तर तर खुर्चीवर चढले होते. दादा नाबाद होता. त्याला जागचं हलताच येईना, विरुद्ध टीमच्या कॅप्टननं त्याला धरून बाहेर आणलं.

पॅडसकट त्याला स्कूटरवर घातला आणि धडपडत कार्यालयात पोचलो. क्लार्कबाई दार अडवून उभ्या होत्या, साहेब उठू नयेत म्हणून. दादा कागदांसमोर बसला. गुडघ्यांवर माती, डोळे लाल. समोर कार्यालयाच्या वेळांची पाटी होती. ती त्यानं वाचली.

"पाचला बंद होतं?"

"हो."

"आणि आम्ही टिकलो असतो तर?"

"तर आज लग्न नसतं झालं."

तो पेन उचलायला गेला, पण बोटं मिटेचनात. साहेब म्हणाले, "डावा अंगठा चालेल." शाई लावून मी त्याचा हात धरला आणि आम्ही दोघांनी मिळून अंगठा उठवला.

याची आई डोळे पुसून लगेच कामाला लागली. "आता पाहुण्यांना जेवण द्यायचं राहिलंय. हा परत आला की, पुढच्या वर्षी. तुमच्या टीमची पुढची कसोटी कधी आहे? तिचाच पाचवा दिवस धरू."

पुढची कसोटी होणार की नाही, हे अध्यक्षांनाही ठाऊक नव्हतं.

"पाचवा नको," मी म्हटलं. "दादा खेळत असेल."