वाजून वाजून मुकी झालेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. पण देवळातली नव्हे, हे आधीच सांगते. त्या घोटाळ्यापायी माझं मन अजून पोळतं आहे.

अलास्कातल्या एका चिमुकल्या बंदराच्या लाकडी धक्क्यावर मी टांगलेली आहे. नॉर्वेहून आलेल्या मासेमारांनी हे गाव वसवलं आणि आपल्या बोटीवरून मला इथं आणलं. कोणी पाण्यात पडलं की मला वाजवायचं, एवढंच माझं काम. माझा आवाज कानी पडताच हातातला घास टाकून अख्खं गाव धावत येई. किती जणांना त्यांनी ओढून वर काढलं! तेव्हा महिनोन्महिने मी गप्प असे, तरी गावकरी मला प्रेमानं घासूनपुसून ठेवत.

मग क्रूझ येऊ लागल्या. जहाज कसलं, तरंगतं शहरच ते! सकाळी माणसांचा लोंढा उतरतो, संध्याकाळी परततो. बेकरीतला ब्रेड संपतो, गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. गावानं सभा घेतल्या. पण 'जहाजं कमी करा' म्हणणाऱ्यांचीच दुकानं त्या जहाजांवर चालत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी माझ्याखाली 'वाजवू नका' अशी पाटी लावली. पाहुणे त्या पाटीसकट फोटो काढत आणि मला वाजवत. दिवसभर माझा नुसता ठणठणाट चाले. हळूहळू गावानं माझ्याकडे कान देणं सोडलं.

त्या दिवशी दाट धुकं होतं. अमेरिकेतल्याच एडिसन शहरातून क्रूझनं आलेल्या सुमित्राकाकू मला पाहताच बूट काढायला वाकल्या.

"अगं, हे टेंपल नाहीये!" त्यांचे यजमान अनिलकाका हसले.

"घंटा दिसली की हात आपोआप वर जातो हो," म्हणत काकू, नात आन्याला घेऊन, माझ्यापुढच्या रांगेत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गावातली म्हातारी सिग्रिड धक्क्याच्या टोकाकडून धावत आली. खेकड्यांचे पिंजरे काढायला गेलेल्या तिच्या नवऱ्याची, निल्सची होडी तिला उलटलेली दिसली होती. रांग मोडून तिनं माझा दोर धरला आणि जीव खाऊन ओढू लागली. हाका मारायचं तिला सुचलंच नाही. घंटा वाजली की माणसं येतात, हेच ती लहानपणापासून शिकली होती.

"अहो, लाइन आहे ना!" अनिलकाका कुरकुरले.

"राहू दे हो, नवस असेल बिचारीचा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

मी घसा फोडून ओरडत होते. पण एकही दार उघडलं नाही. रांगेतल्या कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी व्हिडिओ घेतला. शेवटी सिग्रिडनं दोर सोडला आणि पाण्याकडे हात करून हंबरडा फोडला.

"आजी, शी इज नॉट प्रेइंग!" आन्या किंचाळली. "समबडी इज इन द वॉटर!"

अनिलकाका दुकानादुकानांतून माणसांना बोलावत पळत सुटले. बोटी निघाल्या. निल्स सापडला, पण त्या बर्फगार पाण्यात त्याचा जीव तग धरू शकला नव्हता.

जहाजाचा भोंगा झाला. जाताना काकू माझ्यापाशी थांबल्या. हात सवयीनं वर गेला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"घंटेनं देव जागा होतो म्हणतात," त्या रडत म्हणाल्या. "इथं माणसंसुद्धा उठली नाहीत."

आता गावानं माझा लोलक दोरीनं करकचून बांधून टाकला आहे. जहाजं अजून येतात. पाहुणे मला बोटानं टकटक करतात, हिरमुसतात आणि निघून जातात. सिग्रिड या धक्क्यावर पुन्हा आलेली नाही.

मित्रांनो, परक्या गावी गेलात तर हात लावण्याआधी विचारा, ही वस्तू कोणासाठी आहे? माझ्यासाठी मात्र आता फार उशीर झाला. उद्या पुन्हा कोणी बुडालं, तर आधी माझी गाठ सोडावी लागेल. आणि ती सुटली, तरी धावत कोण येणार आहे?