सर्वांत वाईट दिवस

अर्जात घटनेच्या तारखेसाठी आठ चौकोन होते आणि ते भरल्याखेरीज उपचार सुरू होत नसत. लेओकादिया पारिओनाच्या गावावर सहा वर्षे सैनिकी तळ होता. तेथे बायकांना पाळीने 'स्वयंपाकाला' नेत. हा शब्द अहवालांचा. ते सर्व अहवाल मी वाचले आहेत. भाषेचा इतका संयमी गैरवापर क्वचितच आढळतो.

आयाकुचोच्या डोंगरातील दवाखान्यात मी तिथल्या लोकांच्या क्वेचुआ भाषेचा दुभाषी होतो.

"कोणत्या तारखेला घडलं, विचारा," राजधानी लिमाहून आलेले तरुण डॉक्टर म्हणाले.

"कितव्या वेळेचं विचारतोय हा?" लेओकादिया मला म्हणाली. "त्याला सांग, मला नुसती झोप हवीय. तीस वर्षं झाली."

"सर्वांत वाईट एक दिवस निवडा म्हणावं," डॉक्टर मला म्हणाले.

ती उठली आणि थेट मेल्कियादेसकडे गेली; त्याला सारे तायता, म्हणजे बाबा, म्हणत. हा म्हातारा भीतीने सांडलेला जीव, जिथे सांडला त्या जागी जाऊन, रुग्णाची शाल हलवून, हाका मारून परत आणतो. डॉक्टर कुतूहलाने मागोमाग आले, त्यांच्यासोबत मीही.

"कुठे सांडला, बाई?" म्हाताऱ्याने विचारले. म्हणजे यालाही एकच जागा हवी होती.

"तळाच्या वाटेवर. झऱ्यापाशी. चुलीशी. शाळेमागे."

म्हाताऱ्याने चारही जागा बोटांवर मोजल्या. "मग तुकड्यातुकड्यानं आणू. पण आधी सांग, आला तर बसेल कुठे? घरात तुला धीर नाही, त्याला कसा असेल?"

दोन महिने त्याने एकही हाक मारली नाही. तिचे अंथरूण दाराकडे तोंड करून लावले, नणंदेला सोबत निजवले.

"हे पुस्तकातही आहे," डॉक्टर पुटपुटले. "आधी सुरक्षितता, आठवणी नंतर."

"मग अर्जात का नाही?" मी विचारले.

मग पहिल्या जागी, तळाच्या वाटेवर, हाका मारून झाल्या. झऱ्याच्या वाटेवर लेओकादिया थांबली.

"आज नको."

निघाल्यावर अर्ध्यातून फिरायचे नाही, जीव रुसतो, हा नियम तिथे सर्वांना ठाऊक आहे.

मेल्कियादेसने शाल घडी करून तिच्या हातात दिली. "नको म्हणाली ना? फिरा मागं."

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. उतारावर "जरा टेकते" म्हणून गवतात बसली आणि पाहता पाहता भर दुपारी झोपली. नणंद तिच्या उशाशी बसली. म्हाताऱ्याने आम्हा दोघांना दूर नेले.

"तायता, पण गुण कशाचा?" डॉक्टरांनी माझ्यामार्फत विचारले. "हाकेचा, की मागे फिरल्याचा?"

"मला काय ठाऊक, पोरा. हळू बोल."