एकाच कडेला खळ

कोर्टाच्या ग्रंथालयात मी अठ्ठावीस वर्षं चिकटवण्याचं काम करते. राज्यघटनेत दुरुस्ती झाली की राजधानीहून छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा येतो. चिठ्ठी कात्रीने कापायची, मागे खळ लावायची आणि जुन्या कलमावर नेमकी बसवायची. घटनेच्या सतरा प्रती आहेत, म्हणजे हेच सतरा वेळा. वकील मंडळी मला खळमावशी म्हणतात. म्हणोत बापडे.

मी लागले तेव्हा हे पुस्तक बोटभर जाड होतं. आता ते मिटत नाही, नाडीने बांधून ठेवावं लागतं. पहिल्या पाच-सहा दुरुस्त्या देणाऱ्या होत्या. प्रांतांना शाळा दिल्या, पाणी दिलं, जंगलं दिली. पुढे वारं फिरलं. आधी जंगलं केंद्राकडे गेली, मग पाणी गेलं, तेही म्हणे दहा वर्षांपुरतं. 'दहा वर्षांपुरतं' हे शब्द काढून टाकणारी चिठ्ठी नवव्या वर्षी आली आणि तीही मीच चिकटवली. कुणी हूं की चूं केलं नाही.

माझं डोकं फिरायचं. बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी एक खोड लावून घेतली. सोळा प्रतींत चिठ्ठ्या चारी कडांनी पक्क्या करायच्या आणि नऊ नंबरच्या प्रतीत मात्र फक्त डाव्या कडेला खळ लावायची. चिठ्ठी उचलली की खाली जुनी चिठ्ठी, ती उचलली की तिच्याही आधीची, आणि तळाशी मूळ छपाई. कोरी प्रत आता कुठे उरलेली नाही. आपल्याकडे काय होतं आणि त्यातलं काय काय नेलं, ते कुणीतरी कधीतरी बघावं, एवढीच इच्छा. ग्रंथपालांना कळलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं. ही खोड माहीत असलेला माणूस एकच, माझा धाकटा भाऊ.

भाऊ डोंगरातल्या शाळेत मास्तर. एकवीस वर्षं तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत गणित शिकवत आला. तीन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीने शाळाही केंद्राकडे गेल्या आणि हुकूम सुटला, की यापुढे केंद्राच्या भाषेतच शिकवायचं. हा पठ्ठ्या शिकवत राहिला पूर्वीसारखाच. या उन्हाळ्यात बडतर्फीचं पत्र आलं. साठ दिवसांत अपील करता येईल, असं खाली बारीक अक्षरांत होतं.

"वकील करू या," मी म्हटलं.

"वकील कशाला? ते तरी कुठे वाचतात? तुझ्याकडे येऊनच बघतात ना?" तो हसला. "मला नऊ नंबरची दे."

मी दिली. कौतुकाने दिली, हे सांगताना आज जीभ जड होते. तीन दिवस तो खिडकीपाशी बसून उतरवून घेत होता. तिसऱ्या दिवशी लहानपणी पहिला नंबर आल्यावर यायचा तसा माझ्या टेबलाशी आला.

"ताई, कलम एकतीस. मास्तरांचं अपील प्रांताच्या कोर्टात. अजून शाबूत आहे. एवढं एक घ्यायचं विसरले बघ ते."

मला इतकं बरं वाटलं, की मी उठून पाहिलंसुद्धा नाही. हजारो चिठ्ठ्या लावल्यात मी. हात लावतात, डोकं दुसरीकडे असतं.

अपील प्रांताच्या कोर्टात दाखल झालं. कारकुनाने शिक्का मारून तारीख दिली. बाहत्तराव्या दिवशी सुनावणी झाली आणि ती चार मिनिटांत आटोपली. दोन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीनंतर अशी अपिलं फक्त राजधानीच्या कोर्टात चालतात, न्यायाधीश म्हणाले. तिथली मुदत केव्हाच संपली होती.

मी तडक निघाले. ग्रंथालयात येऊन नऊ नंबरची प्रत उघडली. कलम एकतीसच्या डाव्या बाजूला वाळक्या खळीची पिवळी रेघ तेवढी होती. चिठ्ठी सापडली कपाटाच्या तळाशी, धुळीत, पालथी पडलेली. बाकीच्या सोळाही प्रतींत ती जागच्या जागी होती. त्यांतली कुठलीही एक दिली असती तर भावाने वेळेत राजधानी गाठली असती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्या शहाणपणाने माझ्याच भावाचा गळा कापला.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी वाचलं ते होतं तिथे," तो म्हणाला.

"होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत."

"मुलांना सांगून आलोय, सुट्टी संपली की येतो म्हणून."

भावजय आत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी घट्ट खळ शिजवली आणि नऊ नंबरची प्रत पुढ्यात घेतली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकूण एक चिठ्ठी चारी कडांनी दाबून बसवली. चार दिवस लागले. निदान आता आणखी कुणाचं वाटोळं माझ्या हातून होणार नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

सोमवारी भाऊ आला. दाढी वाढलेली, हातात नवीकोरी वही.

"नऊ नंबरची दे जरा. अगदी तळाचं, मूळचं उतरवून घेतो. शाळेत नाही, पण घरी बोलावून मुलांना वाचून दाखवेन. एकदा होतं, एवढं तरी त्यांना कळू दे."

मी प्रत पुढे सरकवली. त्याने नाडी सोडली, कलम एकतीस काढलं आणि चिठ्ठीच्या कडेला नख लावलं. एका बाजूने, मग दुसऱ्या. कागद हलला नाही. त्याने आणखी दोन पानं उलटून पाहिली, पुस्तक मिटलं आणि नाडी नीट बांधली.

"छान चिकटवलंस, ताई," तो म्हणाला. गणित बरोबर आलेल्या मुलाला म्हणावं, तसं.